उजव्या हाताचा ठिपका : मेंदूच्या प्रतिमांच्या प्रदर्शनदोषांच्या नोंदी

सोमवार, १३ मे २०२४

विश्लेषण संपले, आकडे दोनदा पडताळून झाले, आणि तरीही आमच्या खोलीतल्या तीन संगणकांवर एकाच निकालाची तीन निरनिराळी चित्रे दिसतात. म्हणून आजपासून या वहीत केवळ प्रदर्शनाच्या अडचणी लिहायच्या असे ठरले. शनिवारी, ८ जूनला विभागाच्या बैठकीत सरांना हे चित्र भिंतीवर लावायचे आहे.

मागाहून ही वही हाती घेणाऱ्यासाठी प्रयोग थोडक्यात सांगते. १४ निरोगी स्वयंसेवकांनी ३ टेस्लाच्या एमआरआय यंत्रात पडून उजव्या हाताची बोटे एकामागून एक अंगठ्याला टेकवली; २० सेकंद हालचाल आणि २० सेकंद विश्रांती असे आलटूनपालटून. दर २ सेकंदांनी पूर्ण मेंदूची एक प्रतिमा घेतली गेली. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो आणि त्यामुळे संकेत किंचित चढतो, एवढ्या एका गोष्टीवर ही पद्धत उभी आहे. तो चढ काही सेकंद उशिरा येतो आणि इतका लहान असतो की नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, संख्याशास्त्रानेच शोधावा लागतो. पुढे मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या हाताचा भाग नेमका कुठे आहे हे पाहायला हीच पद्धत वापरायची आहे. त्याआधी उत्तर माहीत असलेले गणित सोडवून पाहावे म्हणून हा प्रयोग: उजवा हात हलला तर मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात आणि लहान मेंदूच्या मात्र उजव्या अर्ध्या भागात ठिपका आलाच पाहिजे.

गणना एसपीएम-१२ मध्ये झाली आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे तयार झालेली ही प्रणाली मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर चालते आणि निकाल एका 'काचेच्या मेंदू'त दाखवते, म्हणजे तीन बाजूंनी नुसत्या बाह्यरेषा आणि त्यांच्या आत, त्या त्या दिशेने आरपार पाहताना वाटेत लागणारे सर्वांत मोठे मूल्य. तिथे चित्र अपेक्षेप्रमाणे आहे. तीच फाइल शेजारच्या संगणकावर, ऑक्सफर्डच्या एफएसएल संचातील एफएसएल-आइज या दर्शकात उघडली, की पूर्ण मेंदूवर करडा पडदा पसरतो आणि खालची शरीररचनेची प्रतिमा दिसेनाशी होते.

याचे कारण शोधायला अर्धा दिवस गेला, आणि ते सापडल्यावर थोडी लाज वाटली. एसपीएम आपल्या खिडकीत उंबरठ्याच्या, म्हणजे ठरवलेल्या किमान मूल्याच्या, वरचे बिंदू तेवढे दाखवते. फाइलमध्ये मात्र मेंदूच्या प्रत्येक व्हॉक्सेलचे (प्रतिमेतल्या छोट्या घनाकार तुकड्याचे) टी-मूल्य, म्हणजे तिथला बदल योगायोगाच्या मानाने किती ठळक आहे ते सांगणारा आकडा, असते, मग ते ०.२ असो की १२. म्हणजे खिडकीत दिसते ते चित्र फाइलमध्ये नसतेच. एकतर एसपीएममधूनच उंबरठा लावलेली प्रत वेगळी जतन करावी लागते, नाहीतर दुसऱ्या दर्शकात किमान मूल्य हाताने द्यावे लागते. आमच्या प्रशिक्षणार्थ्याने दुसरा मार्ग धरला आणि किमान मूल्य ३.१ दिले. पडदा गेला, ठिपके आले, पण ते एसपीएममधल्या ठिपक्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे होते. ३.१ हा आकडा त्याने एफएसएलच्या सवयीतून उचलला होता; तो झेड-मूल्याचा, म्हणजे दुसऱ्या मोजपट्टीवरच्या तशाच आकड्याचा, उंबरठा आहे, टी-मूल्याचा नाही. १४ जणांच्या एका गटासाठी स्वातंत्र्यांश (इथे माणसांच्या संख्येपेक्षा एक कमी) १३ उरतात आणि निव्वळ योगायोगाच्या ०.००१ या संभाव्यतेला टी ३.८५ लागतो, तिथे ३.१ चालवले तर ती संभाव्यता ०.००४ च्या आसपास जाते. दाराचा उंबरठा चार बोटे खाली आणला, की आत येऊ नये तेही येते.

बुधवार, १५ मे

उंबरठा ३.८५ केल्यावर दोन्ही संगणकांवरील ठिपके सारखे झाले, पण एक नवीच गोष्ट नजरेत आली. आडव्या छेदांत वर वर सरकत गेले तर टाळूकडचे शेवटचे छेद रिकामे आहेत, जणू सुरीने नारळाची शेंडीकडची करवंटी उडवावी तसा मेंदू वरून सपाट कापलेला दिसतो. काचेच्या मेंदूत हे कळत नाही, कारण तिथे बाह्यरेषा पूर्ण काढलेली असते आणि रिकामी जागा म्हणजे 'काही सापडले नाही' असेच वाचले जाते. 'पाहिले आणि सापडले नाही' व 'पाहिलेच नाही' या दोन गोष्टींना त्या चित्रात एकच पांढरा रंग आहे, आणि माझ्या मते या लोकप्रिय चित्राचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

एसपीएम मेंदूच्या मुखवट्याबाहेरच्या, म्हणजे विश्लेषणात धरलेल्या भागाबाहेरच्या, व्हॉक्सेलमध्ये शून्य लिहीत नाही, 'संख्या नाही' अशी खूण लिहिते. या खुणेत काहीही मिळवले तरी उत्तर 'संख्या नाही' असेच येते. त्यामुळे गटाच्या विश्लेषणात एखाद्या ठिकाणी १४ पैकी एकाची जरी माहिती नसेल, तर ते ठिकाण सगळ्यांसाठी गळते. एकेका स्वयंसेवकाचा मुखवटा उघडून पाहिला तेव्हा १२ क्रमांकापाशी थांबले. त्या दिवशी छेदांची चौकट खाली सरकलेली होती, तिच्या टाळूचा साधारण दोन सेंटिमीटरचा भाग टिपलाच गेला नव्हता, आणि तिच्या एकटीमुळे बाकी तेराजणांची टाळू उडाली होती.

सरांशी बोलून १२ क्रमांक वगळला. आता स्वयंसेवक १३, स्वातंत्र्यांश १२, आणि उंबरठा ३.९३. सोमवारी पाठ केलेला आकडा बुधवारी रद्द झाला. म्हणून यापुढे प्रत्येक चित्राच्या खाली उंबरठा आणि स्वातंत्र्यांश लिहिल्याशिवाय ते चित्र खोलीबाहेर जाणार नाही.

शुक्रवार, १७ मे

आज फारसे काम झाले नाही. दुपारी दोनदा लाइट गेली, कूलर बंद पडला आणि संगणकांच्या खोलीत बसवेना. तेवढ्यात घरून दूरजोडणीने एसपीएमची त्रिमितीय पृष्ठभागाची खिडकी उघडून पाहिली, तर ती पूर्ण काळी आली. खोलीतल्या पडद्यावर तीच खिडकी व्यवस्थित उघडते, म्हणजे दोष माहितीत नसून दूरजोडणीतून ग्राफिक्स कार्डापर्यंत न पोचणाऱ्या चित्ररेखाटनात आहे. मॅटलॅबला रेखाटनाचे काम कार्डाऐवजी सॉफ्टवेअरकडून करून घ्यायला सांगितल्यावर खिडकी उजळली. मेंदू फिरवताना ती फार रेंगाळते, पण दिसते. हा विषय इथेच संपला.

मंगळवार, २१ मे

प्रशिक्षणार्थ्याने पायथनमध्ये स्वतःचा एक छोटा दर्शक लिहिला आहे, कारण बैठकीसाठी त्याला सगळे छेद एकाच पानावर ओळीने मांडायचे आहेत. चित्र देखणे झाले होते. त्याने उत्साहाने दाखवले, "ताई, पहा, हालचालीसोबत पार्श्वखंडही जागा झाला आहे," आणि त्या संदर्भात दोन शोधनिबंधही काढून ठेवले होते. मी चित्र पाहिले आणि क्षणभर माझाही विश्वास बसला. ठिपका हाताच्या भागाच्या मागे, पार्श्वखंडाच्या (पॅरायटल लोबच्या) वरच्या बाजूस होता. तिथे तो असणे अशक्य मुळीच नाही. चुकीचे चित्र हास्यास्पद दिसले असते तर बरे झाले असते.

त्याने पार्श्वप्रतिमा म्हणून एफएसएलमधला माँट्रिअलचा प्रमाण मेंदू घेतला होता. १५२ व्यक्तींच्या प्रतिमांच्या सरासरीतून तयार झालेल्या या साच्याची २ मिलिमीटरची आवृत्ती ९१ × १०९ × ९१ व्हॉक्सेलची आहे. एसपीएम-१२ ने काढलेला आमचा निकालही त्याच प्रमाण अवकाशात आणि २ मिलिमीटरचाच आहे, पण त्याची पेटी ७९ × ९५ × ७९ एवढी आहे. दर्शकाने दोन्ही पेट्या कोपऱ्याला कोपरा लावून एकमेकींत बसवल्या होत्या. साच्यात शून्य बिंदू ४५, ६३, ३६ या व्हॉक्सेलवर येतो, आमच्या पेटीत ३९, ५६, ३५ वर. फरक ६, ७ आणि १ व्हॉक्सेलचा, म्हणजे १२, १४ आणि २ मिलिमीटरचा. आमच्या दोन्ही फाइलींत आडवा क्रम एकाच दिशेने साठवलेला असल्यामुळे पूर्ण निकाल १२ मिलिमीटर उजवीकडे, १४ मिलिमीटर मागे आणि २ मिलिमीटर खाली सरकला होता. पार्श्वखंडाचा 'शोध' एवढाच.

व्हॉक्सेलचा क्रमांक म्हणजे इमारतीतल्या खोलीचा क्रमांक. दोन इमारतींत १०३ क्रमांकाची खोली असते म्हणून त्या एका जागी नसतात. जागा सांगतो तो हेडरमधला (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतला) चार ओळी-चार स्तंभांचा कोठा, जो व्हॉक्सेलच्या क्रमांकाचे मिलिमीटरमध्ये रूपांतर करतो, आणि दोन प्रतिमा एकमेकींवर ठेवायच्या तर त्या मिलिमीटरमध्येच ठेवायच्या. एफएसएल-आइज हे न सांगता करते, म्हणून तिथे ही चूक दिसली नव्हती. प्रशिक्षणार्थ्याने संध्याकाळपर्यंत निकाल साच्याच्या जाळीवर नव्याने बसवला आणि ठिपका जागेवर आला. नव्याने बसवताना त्याने आधी उंबरठा लावलेली प्रत घेतली होती, त्यामुळे कडेला शून्य आणि ३.९३ यांच्या मधली, मुळात कुठेच नसलेली मूल्ये निर्माण झाली. म्हणून आधी मूळ टी-प्रतिमा बसवायची आणि उंबरठा मागाहून लावायचा, असा क्रम ठरवला.

याच ओघात शून्य बिंदूविषयी. प्रमाण अवकाशाचा शून्य हा अँटिरिअर कमिशर या, मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुढच्या बारीक तंतुपट्ट्याच्या अगदी जवळ मानलेला आहे. स्वयंसेवकाची मूळ प्रतिमा त्या बिंदूपासून फार दूरवर शून्य धरून आली तर एसपीएमची जुळवणी भरकटते, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या प्रतिमेत तो पट्टा डोळ्यांनी शोधून शून्य हाताने बसवतो. प्रशिक्षणार्थ्याने विचारले की तोच बिंदू का. मी त्याला आपल्या नागपूरच्या झिरो माइलचे उदाहरण दिले: तो खांब देशाचा खरोखर मध्य आहे की नाही यावर वाद घालता येतो, पण सगळ्यांनी अंतर त्याच खांबापासून मोजायचे ठरवले तर वादाने अंतर बदलत नाही.

शुक्रवार, २४ मे

काल बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. आज सकाळी मानसशास्त्राच्या मॅडम चित्र पाहायला आल्या आणि घाबरल्या. एसपीएमच्या खिडकीत ठिपका पडद्याच्या डावीकडे, एफएसएल-आइजमध्ये उजवीकडे. मागून आलेल्या सरांनी दुसरे चित्र पाहिले आणि म्हणाले, "हे बरोबर आहे, पहिले उलटे आहे." मॅडमचे मत नेमके याच्या विरुद्ध. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

क्ष-किरणशास्त्रज्ञ रुग्णाला पायांकडून, समोरासमोर पाहतो. नमस्कार करणाऱ्या माणसाचा उजवा हात जसा आपल्या डावीकडे असतो, तसे त्याच्या प्रतिमेत पडद्याची डावी बाजू ही रुग्णाची उजवी बाजू असते. मेंदूविज्ञानाच्या दुसऱ्या रीतीत रुग्णाच्या पाठीमागे उभे राहून पाहिले जाते आणि डावे ते डावेच राहते. एफएसएल-आइज मुळात पहिल्या रीतीने दाखवते, एसपीएम दुसऱ्या. फाइल तीच, संख्या त्याच, फक्त पाहणाऱ्याची उभे राहण्याची जागा बदलते. सरांची तीस वर्षांची नजर पहिल्या रीतीला सरावलेली आहे आणि बैठकीत बहुतेक त्यांच्याच विद्याशाखेचे लोक असतील, म्हणून भिंतीवरचे चित्र पहिल्या रीतीने काढायचे ठरले. मॅडमच्या आग्रहावरून प्रत्येक छेदाच्या दोन्ही कडांना 'डा' आणि 'उ' ही अक्षरे चित्रातच कोरायची, वर वेगळ्या थरात ठेवायची नाहीत, हेही ठरले. हा आग्रह मला त्या वेळी जरा जास्तीचा वाटला होता.

सोमवार, २७ मे

नवतपा, उन्हाळ्याचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला आहे आणि खोलीतला कूलर आता केवळ आवाजापुरता उरला आहे.

शुक्रवारच्या वादामुळे एकेका स्वयंसेवकाची चित्रे 'डा' आणि 'उ' लावून पुन्हा काढायला घेतली. ८ पर्यंत पाहिली: ४ चा ठिपका फिका, उंबरठ्याच्या काठावरचा, बाकी सगळे ठीक. ९ क्रमांकाला हात थबकला. मोठ्या मेंदूतला ठिपका उजवीकडे, लहान मेंदूतला डावीकडे. ही रीतीची गडबड नाही, कारण अक्षरे हेडरवरून लावली जातात आणि दोन्ही दर्शकांत ती त्याच बाजू सांगतात. गटाच्या सरासरीत तेरापैकी हा एक असा मुरून गेला होता की कोणाच्याच लक्षात आला नाही.

प्रशिक्षणार्थी म्हणाला की हा स्वयंसेवक डावखुरा असेल. पण कोणता अर्धगोल जागा होतो हे हलणाऱ्या हातावर ठरते, आवडत्या हातावर नाही, शिवाय आम्ही डावखुरे घेतलेच नव्हते. उरल्या दोन शक्यता: त्याने चुकून डावा हात हलवला, किंवा त्याची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटली. खरी अडचण अशी की या दोन्ही शक्यतांत चित्र तंतोतंत एकच येते. लहान मेंदूचा ठिपका, ज्याच्या भरवशावर आम्ही एवढे दिवस निर्धास्त होतो, तोही दोन्हींत डावीकडेच जातो. चित्र आपापसात सुसंगत आहे एवढेच तो सांगतो, ते कोणाच्या उजवीकडचे आहे हे तो सांगत नाही.

एमआरआयच्या तंत्रज्ञ दादांना फोन केला. ते म्हणाले, "कायले टेन्शन घेता मॅडम, मी काचेतून पाहत होतो नं, उजव्याच हाताची बोटं चालू होती त्याची." मी हे सरांना सांगितले, तर त्यांनी शांतपणे विचारले की दादा पायांकडून पाहत होते ना, मग त्यांना दिसलेला उजवा हात कोणाचा उजवा? पुन्हा फोन. या वेळी दादांनी जे सांगितले त्यापुढे शंकेला जागा उरली नाही: आत पडलेल्या माणसाला घाबरल्यावर दाबायला जो रबरी फुगा देतात, तो ते प्रत्येकाच्या डाव्या हातात देतात आणि त्याची नळी टेबलाच्या डाव्या कडेने चिकटपट्टीने बांधतात. त्या दिवशीच्या कागदावर 'फुगा डावा' अशी नोंदही आहे. डाव्या मुठीत फुगा धरून त्याच हाताची बोटे पाच-सहा मिनिटे अंगठ्याला टेकवता येत नाहीत. मी स्वतः एक लिंबू मुठीत धरून करून पाहिले.

मंगळवार, २८ मे

म्हणजे प्रतिमा उलटली आहे. पण हे दादांच्या साक्षीवर न ठेवता प्रतिमेतूनच सिद्ध व्हायला हवे.

आम्ही प्रत्येक स्वयंसेवकाच्या उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल कागदी चिकटपट्टीने लावतो. तेलामुळे ती शरीररचनेच्या टी-१ प्रतिमेत पांढऱ्याशुभ्र दाण्यासारखी चमकते आणि उजवी बाजू कोणती हे कायमचे सांगत राहते. ९ क्रमांकाची टी-१ प्रतिमा उघडली: दाणा उजवीकडेच. क्षणभर सगळा तर्क कोसळल्यासारखा वाटला. मग लक्षात आले की टी-१ प्रतिमा बरोबर असण्याने हालचालीच्या प्रतिमा बरोबर ठरत नाहीत, कारण त्या दोन वेगळ्या मालिका आहेत आणि दोन वेगळ्या वेळी रूपांतरित झाल्या आहेत. हालचालीच्या प्रतिमेत कॅप्सूल शोधून उपयोग नाही. त्या जलद पद्धतीत चरबीचा संकेत मुद्दाम दाबलेला असतो, त्यामुळे तेलाची कॅप्सूल तिथे दिसतच नाही.

दोन्ही मालिकांची जुळवणी सुरळीत झाली होती, आणि हेच या दोषाचे कपट आहे. मेंदू डावीउजवीकडे जवळजवळ सारखा असतो. जुळवणीच्या गणिताला उलटलेला मेंदूही पुरेसा पटतो आणि ते कुरकुर करत नाही. म्हणून 'जवळजवळ' मधून जे निसटते तेच शोधावे लागले. या स्वयंसेवकाच्या मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांपैकी डाव्या पोकळीचे मागचे शिंग उजव्यापेक्षा ठळकपणे मोठे आहे. टी-१ मध्ये पाणी काळे दिसते, हालचालीच्या प्रतिमेत पांढरे. दोन्ही प्रतिमा शेजारी लावून तोच छेद काढला, पट्टी धरली, आणि दिसले: टी-१ मध्ये लांब काळे शिंग डावीकडे, हालचालीच्या प्रतिमेत लांब पांढरे शिंग उजवीकडे. प्रशिक्षणार्थ्याला काही न सांगता दाखवले, त्यानेही पाच मिनिटांत त्याच जागी बोट ठेवले. हालचालीची मालिका मुद्दाम उलटवून पुन्हा जुळवली तेव्हा शिंगावर शिंग बसले.

बुधवार, २९ मे

कारण सापडले. ९ क्रमांकाची हालचालीची मालिका निफ्टी स्वरूपात नव्हतीच (हा निफ्टी शेअर बाजारातला नव्हे, मेंदूच्या प्रतिमांच्या फाइलींचे एक प्रचलित स्वरूप आहे). ती अॅनालाइझ या जुन्या स्वरूपातल्या जोडफाइलीच्या रूपात होती. हे स्वरूप अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले. आपल्या नागपूरच्या मेयोशी त्याचा काही संबंध नाही, हे प्रशिक्षणार्थ्याला आवर्जून सांगावे लागले. अॅनालाइझच्या हेडरमध्ये दिशेसाठी एक जागा होती, पण ती भरवशाने कोणी भरत नसे, आणि डावे कुठे संपते व उजवे कुठे सुरू होते हे फाइल पाहून ठरवता येत नसे. निफ्टीने तोच ३४८ बाइटचा हेडर ठेवून त्यात दिशेचे दोन कोठे बसवले आणि प्रत्येकाला एक संकेतांक दिला. संकेतांक शून्य असेल तर तो कोठा भरलेला नाही असे समजायचे. एसपीएमला अॅनालाइझ फाइल मिळाली की ते आडवा क्रम उजवीकडून डावीकडे साठवला आहे असे गृहीत धरते, कारण कुठलेतरी गृहीत धरण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. आमच्या फाइलीत क्रम त्याच्या उलट होता.

ही मालिका अशी का आली? प्रयोगाच्या सुरुवातीला बाहेरच्या एका केंद्रात काही स्कॅन झाले होते आणि तिथून रूपांतरित फाइली पेन ड्राइव्हवर आल्या होत्या. आम्ही त्या तशाच घेतल्या. ती चूक आमची. सगळ्यांच्या हेडरमधले संकेतांक एका यादीत काढले, तेव्हा आणखी एक शून्य निघाले: ४ क्रमांक. त्याचा फिका ठिपका मी सोमवारी 'ठीक' म्हणून पुढे ढकलला होता. आज नीट पाहिले तर तो उंबरठ्याच्या काठावरचा ठिपका उजवीकडे आहे.

फाइल हाताने उलटवून मोकळे होण्याचा मोह होता, दोन मिनिटांचे काम होते. पण हाताने उलटवलेल्या फाइलीवर ती उलटवली आहे असे कुठेच लिहिलेले नसते, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी ती 'दुरुस्त' करतो. म्हणून मूळ डायकॉम फाइलींपासून, म्हणजे एमआरआय यंत्रातून निघतात त्याच स्वरूपातल्या फाइलींपासून, सुरुवात केली. डायकॉममध्ये प्रत्येक छेदासोबत त्याची जागा आणि ओळी-स्तंभांच्या दिशा लिहिलेल्या असतात. त्याची गणती मात्र रुग्णाच्या डावीकडे आणि पाठीकडे वाढते, तर निफ्टीची उजवीकडे आणि पुढे. हा फरक ओलांडणे हे रूपांतरकाचे काम, आणि डीसीएम-टू-निक्स हा रूपांतरक ते चोख करतो.

मूळ फाइली डीव्हीडीवर होत्या, डीव्हीडी लोखंडी कपाटात, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला. चकत्या हाताला गरम लागत होत्या. आमच्या एकाही नव्या संगणकाला डीव्हीडी वाचायची सोय नाही. नोंदणीच्या टेबलावरच्या जुन्या संगणकाला ती आहे, पण तिचा ट्रे बोटाने ओढून काढावा लागतो. ४ ची चकती लगेच वाचली गेली. ९ ची तीनदा घरघरून थांबली. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून, ट्रे हाताने धरून ठेवल्यावर चौथ्यांदा चालली आणि शेवटची फाइल साडेसहाला उतरली.

सोमवार, ३ जून

दोन्ही मालिका नव्याने रूपांतरित करून सुरुवातीपासून सगळी प्रक्रिया पुन्हा चालवली. ९ क्रमांकाचा ठिपका डावीकडे, लहान मेंदूचा उजवीकडे, शिंगावर शिंग. ४ चा ठिपका अजून फिकाच आहे, कारण त्याचे डोके यंत्रात बरेच हलले होते, पण तोही आता डावीकडे आहे. गटाच्या चित्रात सर्वोच्च बिंदू शून्य बिंदूपासून −३८, −२४, ५६ मिलिमीटरवर, हाताच्या भागाची जी उलट्या ओमेगासारखी घडी असते तिच्यात. उजवीकडचा जो पुसट ठिपका आम्ही 'दोन्ही हातांच्या समन्वयाचा' म्हणून मसुद्यात एका परिच्छेदात समजावला होता, तो नाहीसा झाला. परिच्छेद काढून टाकला.

गुरुवारी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवले आणि शहरभर त्याचीच चर्चा झाली; नंतर तो संवेदकाचा दोष निघाला. खोलीत दिवसभर हाच विषय होता. आमचा दोष उलट जातीचा: यंत्राने मोजले ते बरोबर होते, बिघडले ते मोजल्यानंतर. एक साम्य मात्र आहे. शेजारच्या केंद्रांचे आकडे समोर होते म्हणून ५६ कोणाला पचले नाही; आमच्याकडे ९ क्रमांकाच्या शेजारी बाकीच्यांची चित्रे लावली, तेव्हाच तो वेगळा दिसला.

रंगांचे काम उरले होते, ते आज आटोपले. दर्शक प्रत्येक चित्राची रंगपट्टी त्याच्या स्वतःच्या कमाल मूल्यापर्यंत ताणतो, त्यामुळे ४ चा अशक्त ठिपकाही ७ च्या सशक्त ठिपक्याएवढाच पिवळाधमक दिसत होता. आता गटाच्या चित्राची पट्टी ३.९३ ते १० आणि एकेकट्या चित्रांची पट्टी सगळ्यांसाठी एकच ठेवली आहे. इंद्रधनुषी पट्टी सरांना आवडते. पण तिच्यात हिरव्यातून पिवळ्यात जाताना नसलेली कड दिसते, म्हणून काळा-तांबडा-पिवळा अशी चढती पट्टी लावली आणि त्यांना तसे सांगितले. ते नाराजीने 'बरं' म्हणाले.

गुरुवार, ६ जून

चित्र काल सीताबर्डीच्या एका छपाईवाल्याकडे दिले होते, तीन फूट बाय चार फूट. आज दुपारी प्रशिक्षणार्थी गुंडाळी घेऊन आला. टेबलावर पसरली. कागद उत्तम, रंग नेमके. मांडणी आमच्यापेक्षाही नेटकी होती: मजकूर डावीकडे आल्यामुळे चित्रातले मेंदू आता मजकुराकडे तोंड करून होते. मॅडम वाकून पाहत होत्या. त्यांनी काही न बोलता कडेच्या एका अक्षरावर बोट ठेवले. 'डा' मधला काना डच्या आधी आला होता, आणि ड पाठ फिरवून उभा होता.

छपाईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, डोके मजकुराकडे पाहताना छान दिसते म्हणून फिरवले. दोन्हीकडून सारखेच तर आहे नं?" त्याच्यावर रागावता आले नाही, जुळवणीच्या गणितालाही तेच वाटले होते. नवी छपाई उद्या सकाळी अकरापर्यंत देतो म्हणाला, कागदाचे पैसे अर्धे आम्ही द्यायचे. गुंडाळी घ्यायला उद्या मी स्वतः जाणार आहे.

ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा पट्टा संपत आला आहे; रुग्णांचे स्कॅन सोमवारपासून सुरू होतील त्याआधी दोन पट्टे मागवले.